फोंड्यातला मुलांचा रिलॅक्सेशन क्लास: दुखणं जात नाही पण पैसे वाया पण जात नाहीत

सतत दुखणाऱ्या मुलांना दुखण्याशी कसं वागायचं ते शिकवणारा हा क्लास, आणि आधीच सांगते, माझ्याकडून पाचातले साडेतीन स्टार. अर्धा कापला जिन्यासाठी आणि एक त्या मशीनच्या पॅकेजसाठी, दोन्हीबद्दल खाली लिहिते. पण जाऊ की नको असं कोणी विचारलं तर जा असंच सांगेन, फक्त काय मिळणार आणि काय नाही मिळणार हे डोक्यात पक्कं ठेवून जा, कारण मी वेटिंगमध्ये बसलेली असताना एक बाई रिसेप्शनवर विचारत होत्या की कितव्या सेशनला गोळ्या बंद होतात म्हणून, आणि तसं काही तिथे होत नाही. तिथली टीचरसुद्धा तसं कधी म्हणत नाही, उलट औषध चालू आहे ना हेच आधी विचारते.

आमचं थोडक्यात सांगते. बाय, म्हणजे माझी मुलगी, दहा वर्षांची, तिला जेआयए आहे, म्हणजे मुलांचा संधिवात. सोळा वर्षांच्या आत सुरू झाला, सहा आठवड्यांच्या वर टिकला आणि दुसरं कारण सापडलं नाही की त्याला हे नाव देतात. हो, मुलांना पण संधिवात होतो, आणि नाही, फ्रीजमधलं पाणी प्यायल्याने होत नाही, शेजारच्या काकींपासून शाळेतल्या पीटीच्या सरांपर्यंत सगळ्यांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उठते असा तो आजार. बायचे दोन्ही गुडघे आणि उजवा घोटा. सकाळी उठली की पाय आखडलेले, गरम पाण्याने आंघोळ घातल्यावर कुठे सुटे होतात. औषध चालू आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध), मधेमधे रक्ताच्या टेस्ट, आणि डोळ्यांची तपासणी. (ह्या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते आणि पोराला काहीच जाणवत नाही, डोळा लालसुद्धा होत नाही, म्हणून तपासणी चुकवायची नाही. ज्यांना कोणी सांगितलं नसेल त्यांच्यासाठी लिहिलं.)

तर औषधाने सूज बरीच उतरली पण दुखणं काही त्या मानाने उतरलं नाही, आणि हेच कोणाला समजावता येत नव्हतं. रिपोर्ट चांगला, गुडघा बघायला चांगला, आणि पोरगी रात्री रडते. घरात दोन पार्ट्या झाल्या, एक म्हणायची शाळा चुकवायला नाटकं करते, दुसरी म्हणायची दिश्ट लागली. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की आता औषध वाढवण्यापेक्षा हिला दुखण्याशी कसं वागायचं ते शिकवणारं कोणीतरी बघा, आणि तिथून आम्ही इथे पोचलो.

इथे एक सायकॉलॉजिस्ट आहेत, मुलं त्यांना टीचर म्हणतात, आणि एक फिजिओ. पहिलं सेशन सगळं बोलण्यात गेलं, मला वाटलं सातशे रुपये गेले गप्पांत, पण आता मागे वळून बघते तर तेच सगळ्यात कामाचं होतं. टीचरने मला नाही, बायला समजावलं की तीन महिन्यांच्या वर जे दुखणं राहतं त्यात नसा जरा जास्तच हुळहुळ्या होऊन बसतात, त्यामुळे सूज कमी झाली तरी निरोप मोठ्यानेच जातो. मग फाटकाचं सांगितलं. पायाकडून मेंदूकडे दुखण्याचा निरोप जातो त्या वाटेवर पाठीच्या कण्यात एक फाटक लागतं, भीती वाटली, झोप झाली नाही, सगळं लक्ष तिथेच राहिलं की ते सताड उघडतं, आणि अंग सैल सोडलं, मन दुसरीकडे गेलं, हाताने चोळलं की अर्धंमुर्धं बंद होतं. ही थिअरी मेल्झॅक आणि वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली, नंतर त्यात खूप भर पडली आहे, पण पोरांना सांगायला अजून तीच बरी. टीचरने विचारलं, तुझं फाटक कशाने उघडतं गो? बाय म्हणाली, गणिताच्या पेपरने. आणि मला तिथल्या तिथे लक्षात आलं की नाटक नाही आणि दिश्ट पण नाही, दुखणं खरंच आहे आणि पेपरचा त्याच्याशी संबंध आहे हे पण खरंच आहे, दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. घरी येऊन दोन्ही पार्ट्यांना हेच ऐकवलं.

आता शिकवतात काय ते. पहिला श्वास. आडवं झोपायचं, पोटावर एखादं हलकं खेळणं ठेवायचं, श्वास घेताना खेळणं वर आलं पाहिजे, छाती नाही हलली पाहिजे. आत घ्यायला तीन आकडे, सोडायला पाच-सहा. सोडणं लांब ठेवलं की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, सगळी गंमत सोडण्यातच आहे, पण मुलं काय करतात, जोरजोरात आत ओढतात आणि मग चक्कर येते म्हणतात, तेव्हा तिकडे लक्ष ठेवा. लहानांना टीचर साबणाचे फुगे नाहीतर भिरभिरं देते, फुगा मोठा करायचा तर हळूच फुंकावं लागतं, आपोआप जमतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, हे तर प्राणायाम, ह्याला पैसे कशाला? बरोबरच आहे म्हणा, पण इथे श्वास कोंडायला लावत नाहीत आणि ताठ बस, मांडी घाल असला हट्ट नाही, गुडघे दुखणाऱ्या पोरीला मांडी घालायला लावणं म्हणजे झालंच.

आणि एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घातला, सराव दुखत नसताना करायचा. रोज रात्री जेवण झाल्यावर, बरं असताना. कळ आल्यावर पहिल्यांदा श्वास मोजायला बसलं तर काही होत नाही, पोर चिडतं आणि वर म्हणतं ह्याचा काही उपयोग नाही. अंगाला सवय झाली असेल तर कळ आल्यावर अंग ते आपोआप उचलून वापरतं. सुरुवातीचे काही आठवडे म्हणूनच आम्हाला काहीच फरक दिसला नाही, आणि मला वाटतं बरेच पालक इथेच सोडतात.

दुसरं स्नायू आवळून सोडणं. अमेरिकेतल्या एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी काढलेली ही पद्धत, मोठ्यांना पण शिकवतात. मूठ पाच सेकंद गच्च आवळायची, मग एकदम सोडायची आणि सोडल्यावर कसं वाटतं तिकडे लक्ष द्यायचं, मग दंड, खांदे कानाला लावायचे, कपाळ, पोट असं करत करत पायापर्यंत. मुलांना सांगतात हातात लिंबू आहे, पिळ. बायने लिंबाचं काजूचं बोंड केलं, म्हणे लिंबापेक्षा रस जास्त येतो, आणि पिळून झाल्यावर हात झटकायचा कारण डाग पडतात! टीचरने ते इतर मुलांना पण लावलं, आता शनिवारच्या ग्रुपमध्ये सगळी बोंडं पिळतात.

पण इथे एक महत्त्वाचं. संधिवाताच्या मुलांना सगळं सरसकट आवळायला लावायचं नाही. सांध्याला सूज असेल तर त्याच्या आजूबाजूचं जोरात आवळलं की दुखणं वाढतं. फिजिओने बायसाठी वेगळं बसवून दिलं, हात-खांदे-चेहरा आवळून सोडायचे आणि गुडघ्याच्या खाली नुसतं सोडायचं, मनात म्हणायचं पाय जड झाला, गादीत रुतला. हे त्यांनी आपणहून सांगितलं ह्याचे पूर्ण मार्क. तुमच्या पोराला दुसरं काही असेल, हाडाचं, ऑपरेशन झालेलं, तर आधी विचारून घ्या.

ह्यामुळेच आम्हाला एक गोष्ट कळली जी तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नव्हती. बाय गुडघा सांभाळायला दिवसभर पाय किंचित वाकवून चालते, त्यामुळे मांडी आणि कंबर सकाळपासून आवळलेली, आणि रात्रीचं जे रडणं असायचं त्यातलं निम्मं सांध्याचं नव्हतंच, त्या थकलेल्या स्नायूंचं होतं. फिजिओने मांडीवर हात ठेवून दाखवलं, ओली दोरी वाळल्यावर तिची गाठ कशी होते तशी. आता संध्याकाळी शेक आणि मग स्नायू आवळून सोडणं, आणि त्यात खरोखर फरक आहे.

तिसरं म्हणजे मनातलं चित्र, आणि ह्यात माझी तक्रार आहे. त्यांच्याकडे एक ऑडिओ आहे, तोच सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यात एक बाई अमेरिकन उच्चारात इंग्लिशमध्ये सांगते की तुम्ही बर्फाच्या डोंगरातल्या हिरव्या कुरणात आडवे पडला आहात. बायने बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघितलाय. वर शाळेत इंग्लिश असलं तरी दुखताना पोर इंग्लिशमध्ये रडत नाही हो! दोन रात्री ऐकलं, तिसऱ्या रात्री म्हणाली आई ते बंद कर ती बाई झोपू देत नाही. टीचरला सांगितलं तर तिने लगेच मान्य केलं आणि पुढच्या वेळी बायलाच विचारलं, तुला कुठे बरं वाटतं? मला वाटलं मिरामारचा समुद्रकिनारा म्हणेल, नाहीतर आजोळ. म्हणाली दुर्भाटची फेरीबोट.

मग टीचरने तिच्याकडूनच सगळं काढून घेतलं, काय दिसतं, काय ऐकू येतं, वास कसला, अंगाला काय लागतं. डिझेलचा वास, इंजिनाची ती पायातून वर येणारी घरघर, फळी वर उचलताना साखळीचा आवाज, झुआरी नदीवरचा वारा, आणि पलीकडे रासयचा धक्का हळूहळू मोठा होत येतो. जमतील तेवढी इंद्रियं त्यात घालायची म्हणजे चित्र पक्कं होतं, ही त्यातली मेख. आणि शेवटचा भाग बायने स्वतःच जोडला, दुखण्याला फेरीत बसवायचं, आपण उतरायचं, फेरी त्याला घेऊन पलीकडे जाते. मी विचारलं परत येते ना पण फेरी? तर म्हणे येते, पण वेळ लागतो, तोपर्यंत मी झोपते. मी तेच सगळं माझ्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केलंय, मराठीत, मागे फॅनचा आवाज आहे, चालतं. त्यामुळे माझा सल्ला, त्यांच्या ऑडिओच्या नादी लागू नका, आपल्या पोराला विचारा. काहींना डोळे मिटायला भीती वाटते, त्यांना उघड्या डोळ्यांनी करू द्यावं, टीचर त्याला आक्षेप घेत नाही.

आता ते मशीन. बायोफीडबॅक म्हणतात. बोटाला छोटा सेन्सर लावतात, तो बोटाचं तापमान मोजतो, स्क्रीनवर फुगा दिसतो, बोट गरम झालं की फुगा वर. तत्त्व खरं आहे, टेन्शनमध्ये बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं गार पडतात, अंग सैलावलं की रक्त येतं आणि बोटं गरम होतात. मायग्रेनवाल्या मुलांसाठी हे बऱ्याच वर्षांपासून वापरतात. मुलाला आपल्या डोळ्यांनी दिसतं की मी काहीतरी केलं आणि अंगात खरोखर बदल झाला, एवढ्यासाठी एकदोनदा जरूर बसवा. पण रिसेप्शनवाले दहा सेशनचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागतात, आठ हजार, आणि संधिवाताच्या पोरीला दहा वेळा फुगा उडवून काय मिळणार ते मला कोणी सांगितलं नाही. टीचरला विचारलं तर ती म्हणाली घरी सराव केलात तर गरज नाही. मग रिसेप्शनला पण तेच सांगा ना. त्यात गंमत म्हणजे त्या खोलीत एसी इतका थंड की पोरांची काय माझीही बोटं गार पडली होती, फुगा वर येणार कसा?

औषधाचं लिहायला विसरत होते. ज्यांच्या मुलांना मेथोट्रेक्झेट चालू आहे त्यांना माहीत असेल, औषध नुसतं बघून उलटी होते. इंजेक्शन पिवळं असतं, बायला पिवळा रंग दिसला की मळमळ सुरू, एका रविवारी वरण ताटात वाढलं तर उठून गेली. टीचर म्हणाली ही मळमळ खरी आहे, मेंदू आधीच तयारी करून बसतो, लाड नाहीत. मग इंजेक्शनच्या दिवशी आधी श्वास, मग फेरी, आणि सुई टोचेपर्यंत मोठ्याने शंभरापासून उलटे सात-सात वजा करायचे (गणित शेवटी कामाला आलं). उलटी पूर्ण थांबलीय असं नाही म्हणणार, पण आदल्या दिवसापासून जो धसका असायचा तो आता इंजेक्शनच्या वेळेपुरताच उरलाय. डॉक्टरांनी उलटीची गोळी पण आधी द्यायला सांगितली आहे, ती देतोच.

आणि पालकांचा क्लास, हा तुम्हाला आवडणार नाही. टीचरने मला दिवसभर 'दुखतंय का गो' विचारायला बंदी घातली. मला राग आला, आईने विचारायचं नाही तर कोणी? पण तिचं म्हणणं, दर वेळी विचारलं की पोराचं लक्ष पुन्हा तिथे जातं, फाटक पुन्हा उघडतं. त्याऐवजी संध्याकाळी एकदाच, चेहऱ्यांचा तक्ता दाखवायचा, शून्य ते दहा, तिने बोट ठेवायचं, आपण वहीत लिहायचं, चर्चा नाही. बाकी दिवसभर आज काय केलंस, कोणाशी खेळलीस हे विचारायचं. आणि दुखत असताना तिने आपणहून श्वास केला, बोंड पिळलं, तर ते बघितलं म्हणून सांगायचं. घरात सगळ्यात कठीण हे आजीला गेलं. त्या बिचाऱ्या तेलाची वाटी घेऊन दर तासाला यायच्या, आता त्यांना रात्रीचं फेरीचं काम दिलंय, फोन नको म्हणून त्या स्वतः सांगतात, त्यांच्या फेरीवर मासळीवाल्या पण असतात आणि भांडण पण होतं, बाय हसत हसत झोपते, चालायचंच.

आकड्यांचं सांगायचं तर तक्त्यावर सातचे पाच होतात, कधी सातचे सातच राहतात. ज्या दिवशी सांधा खरोखर सुजतो त्या दिवशी ह्यातलं फारसं काही चालत नाही, तेव्हा डॉक्टर. पण झोप लवकर लागते, शाळा कमी बुडते, आणि रात्री उठली तर मला हाक न मारता आपली आपण काहीतरी करत पडून असते. माझ्या मते पैसे ह्याचेच. डब्ल्यूएचओने २०२० साली मुलांच्या जुनाट दुखण्यावर गाईडलाईन काढली त्यातही औषध, व्यायाम आणि हे मनाचं ट्रेनिंग तिन्हीचा विचार केलाय, पोरागणिक काय जमेल ते ठरवायचं, म्हणजे हे कोणाच्या डोक्यातून आलेलं फॅड नाही.

तक्रारी अजून. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण बंद, आणि येणारी निम्मी पोरं चालायला त्रास होणारी! मी तिला उचलून नेते, दहा वर्षांच्या पोरीला उचलून दोन जिने, माझीच कंबर तक्त्यावर आठ. वेटिंगमध्ये टीव्हीवर मोठ्याने बातम्या. एकदा पावसात करंट गेला, एसी बंद, टीव्ही बंद, टीचरने खिडकी उघडली आणि अंधारातच सेशन घेतलं, बाहेर पत्र्यावर पाऊस, सगळी पोरं एकदम गप्प, माझ्या बघण्यातलं ते सगळ्यात चांगलं सेशन. एसीवर खर्च करू नका एवढंच म्हणेन. शाल घेऊन जा, गार चटईवर पोरांचे सांधे आखडतात.

शनिवारचा ग्रुप ३०० रुपयांत आहे, स्वस्त आहे, आणि बायला पहिल्यांदाच दुसरी दुखणारी मुलं भेटली, कोणाचं पोट, कोणाचं डोकं, त्याचा तिला खूप आधार झाला. पण सहा वर्षांची आणि चौदा वर्षांची एकाच चटईवर घेतात, तो मोठा मुलगा बोंड पिळताना इतका लाजत होता की मलाच वाईट वाटलं. मोठ्यांची वेगळी बॅच हवी. पाच वर्षांखालच्यांना नेऊ नका, त्यांना घरी साबणाचे फुगे आणि गोष्ट पुरे.

आणि नवीन ठिकाणी दुखायला लागलं, सांधा लाल-गरम झाला, ताप आला, वजन उतरायला लागलं, पाय टेकवतच नसेल तर इथे फोन करू नका, आधी डॉक्टर गाठा. मेथोट्रेक्झेटवर असताना ताप आला तर तसंही लगेच कळवायचं असतं.

बुकिंग फोनवरच होतं, मेसेजला उत्तर येत नाही. वैयक्तिक सेशन शाळेनंतरच्या वेळेत मिळणं कठीण, सकाळचं मिळतं पण सकाळी सांधे आखडलेले असतात म्हणून अकराच्या आधीचं घेऊ नका. मे महिन्यात मुलं गावी जातात तेव्हा जागा पटकन मिळते, चवथीच्या (गणपतीच्या) आठवड्यात बंद.